वडिलांची सही

वर्षातून एकदा चर्चची उपासना तरुणच चालवतात, त्या तरुण रविवारातून अण्णाराव कंधारकरांना तीन गोष्टी मिळायच्या होत्या. पहिली अशी, की मुलगी विशाखा पुलपिटवरून, म्हणजे उपदेशाच्या चौथऱ्यावरून, संदेश देणार आणि तो ऐकायला लातूरच्या मंडळीचे, मुलाचे आईबाप माणिकप्पा आणि नीलम्मा पहिल्या बाकावर बसलेले असणार. मुलगी बघण्याचा कार्यक्रम परस्पर देवाच्या घरात उरकणार होता, आणि देवाच्या घरात कुणी मुलीला 'जरा चालून दाखव' म्हणत नाही. दुसरी, त्याच वेळी खुद्द अण्णाराव पुलपिटशेजारच्या उंच पाठीच्या खुर्चीत बसलेले दिसणार. मंडळीचे वडील, म्हणजे चर्चच्या सभासदांनी निवडलेले कारभारी, म्हणून त्या खुर्चीत ते एकवीस वर्षं बसत होते, पण व्याही होऊ घातलेल्या माणसानं ते अजून पाहिलेलं नव्हतं. तिसरी गोष्ट ते मोठ्यानं बोलत नसत: धाकट्या भावाची, दयानंदाची पोर तनुजा त्या दिवशी बोलणार नव्हती.

या तिसऱ्या गोष्टीसाठी मेहनत पडली होती. तरुण संघानं रीतसर सभा घेऊन संदेशासाठी तनुजालाच निवडलं होतं, आणि निवड मोडणं प्रेस्बिटेरियन माणसाला शोभत नाही. आमच्याकडे सगळं हात वर करून ठरतं. ते हात खाली घ्यायचे असतील तर सेशनमधून, म्हणजे पाळक-वडिलांच्या बैठकीतून, हळूच घ्यावे लागतात. अण्णाराव सेशनचे चिटणीस. त्यांनी फलकावर सूचना लावली: 'तरुण रविवारच्या उपासनेत भाग घेणाऱ्या प्रत्येकाने वडिलांची लेखी संमती शनिवारपर्यंत आणून द्यावी.'

वडील म्हणजे अर्थात मंडळीचे वडील. ते आमच्या नांदेडच्या मंडळीत दोन. एक गुडघ्याचं ऑपरेशन करून हैदराबादला लेकीकडे पडलेले, म्हणजे राहिले अण्णाराव. तीस वर्षं एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. कोणती गाडी सोडायची आणि कोणती फलाटावर उभी ठेवायची, हे त्यांना शिकवायला नको होतं. तनुजाचा कागद आला की संदेश विशाखाला देऊन ते प्रेमानं म्हणणार होते, "बाळ, पुढच्या वर्षी."

शनिवारी संध्याकाळी ते चष्मा आणि पेन घेऊन बसले.

"विशाखा, आण गं ते कागद. सह्या करून टाकतो."

विशाखानं अकरा कागद समोर ठेवले. "झाल्या की, पप्पा."

"काय झाल्या?"

"सह्या. तुमची एकच राहिली."

अण्णारावांनी पहिला कागद उचलला. किनवटहून शिकायला येऊन वसतिगृहात राहिलेल्या पोराचा होता. खाली निळ्या शाईचा अंगठा आणि पोराच्या अक्षरात 'वडील: लच्छू आत्राम'. दुसरा भोकरचा. बाप ट्रकवर, म्हणून कागद थेट धाब्यावर नेऊन सही आणलेली. कोपऱ्यात तेलाचा डाग. तिसऱ्यावर भलीमोठी, कागदभर सही होती, आणि वाचता येणार नाही या भीतीनं खाली पुन्हा एकदा केलेली. 'वडील: दयानंद याकोबराव कंधारकर.'

"हे काय करून राहिले तुमी लोक?" अण्णाराव ओरडले. "वडील म्हंजे वडील!"

"हाव पप्पा. वडीलच हायत सगळे."

"अगं, मंडळीचे!"

"मंडळीचेच हायत. बाहेरचं कोण हाय त्यात?"

विशाखाचा चेहरा इतका भोळा होता, की अण्णारावांना तेव्हाच संशय यायला हवा होता. सूचनेचा अर्थ विचारायला संघाची पोरं चिटणिसाची लेक म्हणून तिच्याकडेच येत होती, आणि तिनं तो प्रत्येकाला तिच्या सोयीनं सांगितला होता. ती उत्तम पेटी वाजवायची. पण पुलपिटवर उभं राहायचं म्हटलं की ती पेटीमागं दडायची. बोलायला तिला तनुजाच हवी होती.

अण्णारावांनी पाळकसाहेबांना फोन लावला. पाळकसाहेबांनी सूचना पुन्हा वाचायला लावली, मग बराच वेळ खोकले, आणि तो खोकला हसण्याचा होता. "अण्णाराव, तुम्हीच लिहिलंय. व्याकरणात चूक कुठाय? दहा बापांनी सह्या केल्यात, आता कुठल्या तोंडानं परत पाठवू?"

फोन ठेवला. विशाखानं शेवटचा कागद पुढं सरकवला.

"इथं करा पप्पा. वडील म्हणून."

"कोणता वडील?"

"माझे."

त्यांनी सही केली. कागदावर लिहिलं होतं: 'काम: पेटी.'

*

भिंतीपलीकडं तनुजा उद्याचा संदेश आरशासमोर म्हणत होती. दोन्ही भावांची घरं एका अंगणात, मधे छातीइतकी भिंत. भिंतीवरून कालवण जायचं, पोरी जायच्या, त्यांची आज्जी केवळाबाई महिनाभर इकडे नि महिनाभर तिकडे राहायची. फक्त दोन भावांमधलं बोलणं अकरा वर्षांत गेलं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी मंडळीत एका वडिलांची जागा निघाली आणि दयानंद उभा राहिला. मतं एकोणऐंशी, चाळीस हवी होती. अण्णारावांनी चिठ्ठ्या मोजल्या. दयानंदाला एकोणचाळीस, विरोधात एकोणचाळीस आणि एक कोरी. दयानंदानं भरल्या सभेत विचारलं, "कोरी कुणाची, दादा?" अण्णाराव म्हणाले, "मत गुप्त असतं." दयानंदाला उत्तर मिळालं. सख्ख्या भावाला आपलं नाव लिहवलं नाही, याहून दुसरा अर्थ त्याला लागला नाही. त्या दिवसापासून तो चर्चच्या आत बसला नव्हता.

येणं मात्र त्यानं एक रविवार चुकवलं नाही. आवारातल्या लिंबाखाली, खिडकीच्या अगदी जवळ स्कूटर लावायची आणि तिच्यावरच बसायचं. कुंपणाच्या भिंतीवरून चहावाले मोहियोद्दीन कप द्यायचे. दयानंद बाहेरून सगळी उपासना ऐकायचा, उपदेशात चूक निघाली तर मोहियोद्दीनला सांगायचा, आणि गीत सुरू झालं की बाहेरूनच खर्जात गायचा. आवाज खिडकीतून आत पोचेपर्यंत अर्धी मात्रा मागं पडायचा. पाळकसाहेब तीन बदलले; प्रत्येकाला सुरुवातीला वाटलं, इमारतीत घुमतंय.

तनुजा तेव्हा दहा वर्षांची होती. तेव्हापासून नाताळचं वचन असो की संडे स्कूलचं गाणं, ती पुढं उभी राहून डावीकडच्या खिडकीकडं बघत म्हणायची. लोकांना वाटायचं, पोरगी बुजरी आहे. तिला आयुष्यात एकदा समोर बघून बोलायचं होतं, आणि समोर तिचा बाप बसलेला हवा होता. संदेश बरा होईल की वाईट, याची तिला फार काळजी नव्हती.

म्हणून तर ती कागद घेऊन दुकानात गेली होती. दयानंद मोटारसायकलची सीट-कव्हरं शिवायचा. त्यानं सूचना दोनदा वाचली.

"वडिलांची म्हंजे माझी? पक्कं?"

"तुमी माझे वडील हाव का न्हाई?"

"हाव तर." त्यानं हात पुसले, पुन्हा पुसले, आणि सही केली. मग तिला बघून विचारलं, "दादाला चालती का ही?"

"पप्पा, उद्या आत बसाल?"

दयानंदानं मशिनीचा पाय दाबला. मशीन बोलायला लागली की त्याला बोलावं लागत नसे.

*

रविवारी नऊ वाजताच एक वेगळीच गोष्ट घडली: बाप आले.

आमच्याकडे उपासनेला बाया आणि लेकरं आत असतात. बापे गेटपर्यंत सोडायला येतात आणि तिथूनच कुठंतरी सरकतात. पण आता सह्या दिल्या होत्या. सही दिली की माणूस आपण कशावर दिली ते बघायला येतो. लच्छू आत्राम पहाटेच्या रेल्वेनं किनवटहून आले होते, अंगठ्याला अजून निळी शाई. भोकरचा ट्रकवाला बाप ट्रकच घेऊन आला होता आणि तो कुठं लावावा म्हणून सगळ्या आवाराला सल्ला विचारत होता. पुरुषांकडचे बाक भरले, मग संडे स्कूलच्या बुटक्या खुर्च्या आणाव्या लागल्या, आणि त्यांवर गुडघे कानाशी घेऊन बाप बसले.

अण्णाराव हे बघायला नव्हते. ते बसस्टँडवर होते. लातूर-नांदेड गाडी अहमदपूर कधी सोडते, लोह्यात किती थांबते, हे त्यांना पाठ. सव्वानऊला ती फलाटावर लागणार आणि पाहुणे उतरणार होते. गाडी बरोबर सव्वानऊला लागली. पाहुणे तीत नव्हते, कारण ते शेजाऱ्याच्या कारनं आले होते आणि त्याच क्षणी चर्चच्या दारातल्या फलकापुढं उभे होते.

माणिकप्पा मूळचे उदगीरच्या पलीकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि ती मराठी निम्मी चर्चमध्ये शिकलेली. त्यांच्या घरात बापाला अप्पा म्हणतात. 'वडील' हा शब्द त्यांनी आयुष्यात एकाच अर्थानं वापरला होता. फलकावर पोरांनी यादी लावली होती: डावीकडं नाव, मधे काम, उजवीकडं 'वडील'.

"नीलम्मा," ते हलक्या आवाजात म्हणाले, "अकरा वडील हायत यांच्यात."

"अय्यो. आपल्यात तीन हायत तर मीटिंगला भांडणं होतात."

"आणि बघ, प्रत्येक लेकराला एकेक वडील नेमून दिलाय. काय शिस्त! संदेश तनुजा, वडील दयानंद कंधारकर. कंधारकर म्हंजे आपल्या पाहुण्यांतलेच." त्यांनी लिंबाखाली बसलेल्या माणसाला विचारलं, "सलाम. वडील दयानंद कंधारकर कुठं भेटतील?"

"सलाम. मीच." दयानंद स्कूटरवरून उतरला. "तनुजाचा वडील."

"हाव हाव, लिहिलंय. मग तुम्ही असे बाहेर का?"

"मी बाहेरच बसत असतो."

माणिकप्पांनी बायकोकडं बघितलं. त्यांचे डोळे पाणावले होते. "ऐकलंस? मंडळीचा वडील, आणि दारात बसतो. उशिरा येणाऱ्याला आत घ्यायला." त्यांनी दयानंदाचा हात धरला. "बर्री, बर्री, या वडील. आज तुम्हांला मी आत घेतो."

"न्हाई हो, तुमचा काहीतरी—"

"लाजायचं नाही."

भिंतीवरून मोहियोद्दीननी हात पुढं केला आणि दयानंदाच्या हातातला कप काढून घेतला. "जाव ना, दयानंदभाई. मेहमान बुला रें. चाय क्या, रोज की है."

दयानंद अंगानं दांडगा. त्याला ओढून नेणं माणिकप्पांच्या हातचं नव्हतं. ओढला गेला याचा अर्थ त्यानं ओढू दिलं. सोप्याच्या पायरीशी तो एकदा थांबला, आतल्या बुटक्या खुर्च्यांवरचे बाप बघितले, आणि चप्पल काढली.

*

उपासनेआधी वडिलांनी सेशनच्या खोलीत प्रार्थना करायची, मग मोठं पवित्र शास्त्र दोन्ही हातांत घेऊन पाळकांच्या पुढं चालत आत जायचं, ही आमची जुनी रीत. माणिकप्पांना ती माहीत होती. त्यांनी खोलीत शिरताच टेबलावरचं शास्त्र उचललं आणि दयानंदाच्या हातात दिलं. पाळकसाहेबांनी तोंड उघडलं आणि, शहाणा माणूस, मिटलं.

तेवढ्यात घामाघूम अण्णाराव दारात आले. "पाहुणे गाडीत न्हाईत, फोन लागत न्हाई, लोह्याला उतरले का काय—"

समोर पाहुणे होते. पाहुण्यांच्या शेजारी दयानंद, छातीशी शास्त्र धरून.

"सलाम, सलाम!" माणिकप्पा पुढं आले. "तुमच्या भावानं आम्हांला घेतलं. काय माणूस हाय! वडील असून स्कूटरवर बसला होता."

अण्णारावांच्या डोक्यात हिशेब फार लवकर होत असे. खरं सांगितलं तर आधी सांगावं लागेल की दयानंद मंडळीचा वडील नाही. मग तो बाहेर का बसतो ते. मग निवडणूक, मग कोरी चिठ्ठी. होणाऱ्या व्याह्यापुढं अकरा वर्षांचं सगळं अंथरायचं. न सांगितलं तर खुर्ची जाते.

"पाहुण्यांना पुढं बसवा, साहेब," ते पाळकांना म्हणाले. "आम्ही आलोच."

दार लोटलं गेलं. दोन भाऊ राहिले.

दयानंदानं शास्त्र टेबलावर ठेवलं आणि भिंतीला सांगितलं, "मी काई मागितलं न्हाई कुणाला. चूक त्यांची झाली. मी चाललो माझ्या जाग्यावर."

"जा," अण्णारावही भिंतीलाच म्हणाले. "लेकीचं ऐकायला खिडकी हायेच."

"खिडकी कुणी दिली मला? कोरी चिठ्ठी कुणी टाकली?"

"मी टाकली," दारातून आवाज आला.

केवळाबाई उभ्या होत्या. त्या बायांच्या बाकावरून उठून आल्या होत्या. दाराबाहेर धाकट्याच्या चपला दिसल्या आणि त्यांचं गीतपुस्तक हातातच राहिलं होतं.

"आई, तू बस जाऊन," अण्णाराव घाईनं म्हणाले.

"बसले की अकरा वर्षं. आता उभं राहू दे." त्या दयानंदाकडं वळल्या. "मला छापलेलं वाचता येतं, लिहिता येत न्हाई. माझी चिठ्ठी दादा लिहून देणार होता. मी म्हणलं, कोरी ठेव. तो म्हणला, आई, एखाद्या मतानं पडंल तो. मी म्हणलं, पडू दे."

दयानंद म्हणाला, "तू? का गं?"

"तुमचा बाप वडील होता. सेशनची भांडणं घेऊन घरी यायचा, भाकरी तशीच टाकून उठायचा. तुमी दोघं वडील झाले असते तर सभा माझ्या चुलीपुढं भरली असती. मला जेवायला दोन लेकरं पायजे होती. वडील एक बास झाला होता." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "आणि झालं काय, तर एक लेकरू झाडाखाली जाऊन बसलं. मग मला सांगायचं भ्या वाटलं. पहिला रविवार गेला, की दुसऱ्याला जास्त भ्या वाटतं. हा बोलंना, म्हणून मी बी बोलले न्हाई."

दयानंदानं भावाकडं तोंड वळवलं. "तुला ठाऊक होतं."

"चिठ्ठी लिहून देणाऱ्यानं तोंड उघडायचं नसतं," अण्णाराव म्हणाले. "शपथ असती."

हे खरंच होतं. हेही खरं होतं की गप्प राहून कंधारकरांच्या घरातले एकुलते वडील तेच राहिले, आणि त्यांना ते आवडत होतं. तेव्हा शपथ जेवढी जड सांगतात तेवढी ती त्यांना दर रविवारी जड झाली नसावी. पण भावाच्या तोंडून स्वतःबद्दल जे जे त्यांनी भिंतीपलीकडून ऐकलं होतं, त्याला 'आई' या एका शब्दात उत्तर होतं, आणि तो शब्द त्यांनी तोंडातून काढला नव्हता.

आत विशाखानं पेटीचा पहिला सूर धरला. घंटा वाजली.

अण्णारावांनी शास्त्र उचललं. क्षणभर सवयीनं छातीशी घेतलं. मग भावापुढं केलं.

"धर नीट. चौथ्या बाकापाशी फरशी हालती, तिथं बघून पाय टाक."

"आणि तू?"

"विशाखाच्या कागदावर सही हाय माझी. बापांच्यात बसतो."

*

तनुजा पुढच्या ओळीत हातातले कागद वळत बसली होती. दार उघडलं तसे सगळे उभे राहिले. पाळकसाहेबांच्या पुढं, शास्त्र हातात घेऊन, डोळे फरशीवर लावून तिचा बाप येत होता. चौथ्या बाकापाशी त्यानं एक लांब ढांग टाकली. तनुजाला हसू आलं आणि त्याच श्वासात रडू आलं. दोन्ही आवरताना कागद खाली पडले आणि त्यांची पानं उलटीसुलटी झाली. म्हणून पुढं ती जे बोलली त्यातलं निम्मं लिहिलेलं नव्हतं.

तरुण संघाची मुलं दर शनिवारी सरकारी दवाखान्यात जातात. खेड्यातून आलेल्या पेशंटला कागद भरून देतात, स्ट्रेचर ढकलतात, कोणती खिडकी कुठं ते दाखवतात. त्यावरच ती बोलायला उभी राहिली.

"चौघांनी लुळ्या माणसाला बाजेवर घालून येशूकडं आणलं. दारात गर्दी, आत जाता येईना, म्हणून त्यांनी वरून छप्पर उसकटलं आणि बाज खाली सोडली. ही गोष्ट सगळ्यांना पाठ हाय. आम्ही संघात ती नाटक करून दाखवतो, आणि सगळ्यांना त्या चौघांतलंच एक व्हायचं असतं." पोरं हसली. "गेल्या वर्षी लच्छूकाकांच्या पोरानं मला विचारलं, ताई, छप्पर कुणाचं होतं?"

आत्रामांच्या पोरानं मान खाली घातली. बाप अभिमानानं इकडंतिकडं बघायला लागले.

"मी शोधलं. त्याचं नाव कुठंच न्हाई. माणूस उठून चालायला लागला, बाज खांद्यावर टाकून घरी गेला. चौघं नाचत गेले. गर्दी देवाचं गौरव करीत गेली. आणि तो घरात बसलाय, डोक्यात माती, वर उघडं आभाळ." ती थांबली. समोर बघत होती. खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेल्या बापाकडं. "त्यानं त्या वेळी आवाज केला असता ना, अरे माझं घर मोडून राहिले म्हणून, तर बाज अर्ध्यातच अडकली असती. तो गप्प बसला. आमचं चौघांचं काम दिसतं, म्हणून त्या कामाचं कौतुक होतं. दवाखान्यात आम्ही स्ट्रेचर ढकलतो आणि वाट करून देणारा मागं भिंतीला चिकटून उभा असतो. त्याला कुणी थँक्यू म्हणत न्हाई. मला आज म्हणायचं होतं, एवढंच."

तिला सेशनच्या खोलीतलं काही माहीत नव्हतं. ती बोलली ते छपराबद्दलच. पण खुर्चीतल्या माणसानं त्या वाक्याला मान वळवली आणि बापांच्या रांगेत कुणाला तरी शोधलं. अण्णाराव एका बुटक्या खुर्चीवर, लच्छू आत्राम आणि ट्रकवाल्याच्या मधे, डोकं खाली घालून चष्मा पुसत होते. तो चष्मा आधीच स्वच्छ होता.

मग गीत झालं. विशाखानं पट्टी वरची धरली, बापांनी शब्द माहीत नसताना तोंडं हलवली, आणि दुसऱ्या ओळीला दयानंदाचा खर्ज आला. अकरा वर्षांनी तो वेळेवर आला. पाळकसाहेबांनी चमकून खिडकीकडं बघितलं, मग खुर्चीकडं.

*

प्रीतिभोजनाला मटणाचा रस्सा, भाकरी आणि नव्वद माणसांच्या अंदाजावर आलेली एकशे चाळीस माणसं. रस्सा पातळ झाला. कुणी तक्रार केली नाही. ट्रकवाल्यानं स्वतःहून वाढप हातात घेतलं आणि ट्रक चालवावा तसं पंगतीतून चालवलं.

माणिकप्पा जेवताना चर्चचा कारभार शिकून घेत होते. "अकरा वडील म्हंजे सेशनला कोरम कसा जमवता?"

विशाखाचा घास हातात राहिला. नीलम्मा मात्र शांतपणे भाकरी मोडत होत्या.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "वडील म्हंजे अप्पा. त्या लेकरांचे अप्पा हायत ते."

माणिकप्पांची भाकरी थांबली. "सगळे?"

"सगळे. मला पहिल्या गीतालाच कळलं. मंडळीचा वडील खुर्चीत टेकून बसतो. हे कडेवर बसले होते, उठवतील म्हणून."

माणिकप्पांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "म्हणजे मी यांना ओढत— आणि तुम्ही कुणी बोलला न्हाईत?"

"कशाला बोलायचं?" अण्णाराव भाकरीकडं बघत म्हणाले. "बरं झालं की."

माणिकप्पा आधी दयानंदाकडं, मग अण्णारावांकडं बघत राहिले, आणि एकदम इतक्या मोठ्यानं हसले की भिंतीपलीकडून मोहियोद्दीननी डोकं वर काढलं. हसणं पंगतभर गेलं. आत्रामांना कळलं नव्हतं, तरी ते सगळ्यांत जास्त हसले.

नीलम्मांनी विशाखाला जवळ बसवून घेतलं. "पाहुण्याची चूक झाली तर या घरात कुणी त्याला उघडं पाडत न्हाई. मला एवढंच बघायचं होतं. बोलणं तुझं मी ऐकलं न्हाई, पण पेटी ऐकली. पुढच्या रविवारी पोराला घेऊन येते. तुला पसंत पडला तर बघू."

विशाखानं लाजायचं ठरवलं होतं, पण तिला खुदकन हसूच आलं.

शेवटच्या पंगतीला अण्णाराव वाढत राहिले होते. त्यांच्या पाठीशी आवाज आला.

"दादा, जेवलास का?"

अकरा वर्षांनी विचारलेला जेवणाचा प्रश्न. पळी तशीच हातात धरून अण्णाराव म्हणाले, "न्हाई अजून."

"मग बस. मी बी राहिलोय."

केवळाबाईंनी दोघांपुढं ताटं ठेवली. रस्सा उरला नव्हता. लोणचं, भाकरी आणि कांदा होता. दोघं जेवले, आणि त्या समोर बसून बघत राहिल्या.

त्या दिवशी कुणी काय किंमत भरली ते असं. मोहियोद्दीनचं रविवारचं कायमचं गिऱ्हाईक गेलं. माणिकप्पांनी चारचौघांत फजिती सोसली आणि घरी जाऊन ती स्वतःच मीठमसाला लावून सांगितली. केवळाबाईंनी एक वाक्य दिलं, अकरा वर्षं उशिरा, आणि त्या उशिराचं भरणं दोन लेकरांकडून आधीच वसूल झालेलं होतं. दयानंदाला आपला राग टाकावा लागला. तो त्यानं इतका जपून वाढवला होता, की पुढचे काही दिवस त्याला हातात काही नसल्यासारखं वाटत राहिलं.

राहिले अण्णाराव. कारमध्ये बसताना माणिकप्पांनी त्यांचा हात हातात घेतला आणि मनापासून सांगितलं, "राग नका मानू, पण वडील असो की नसो, तुमच्या घरातला खरा मोठा माणूस तुमचा धाकटा भाऊ हाय. काय नम्रता! तुम्ही त्याच्याकडून शिकायला पाहिजे."

दयानंदानं काही बोलायला तोंड उघडलं. अण्णारावांनी त्याच्या पायावर पाय दिला.

"हाव," ते म्हणाले. "शिकून राहिलो."